गोडी वेगळी, फेस वेगळा



द्राक्षं बाजारात आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "ताई, द्राक्षाचं गोड पेय मी घरी करते, चवही छान जमते. पण त्यात बाटलीतल्या कोल्ड्रिंकसारखे बुडबुडे आणायचे असतील तर काय करावं? यंत्र घेणं परवडत नाही." वसईकडच्या आणि गोव्याकडच्या भगिनी जरा मोकळेपणाने विचारतात. त्यांच्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी द्राक्षाची किंवा आल्याची गोड वाइन करण्याची रीत आहे. त्या वाइनलाच कमी खर्चात फेस आणता येईल का, हे त्यांना हवं असतं.

सरबत असो की वाइन, उत्तर एकच आहे, आणि ते मी आधीच सांगून टाकते. गोडी आणि फेस या दोन गोष्टी घरी एका बंद बाटलीत कोंडू नका. गोडी वेगळी ठेवा, फेस वेगळा आणा, आणि दोघांची गाठ पेल्यातच घाला. यात पैसा वाचतो, चव राहते, आणि मुख्य म्हणजे घरातल्या कुणाच्या डोळ्याला काच लागत नाही.

वाइनबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन किंवा दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. "थोडीशीच तर केली" याने कायदा बदलत नाही. म्हणून वाइनची कृती मी इथे देणार नाही. पण तिच्यात फेस कसा येतो हे मात्र समजून घ्यायलाच हवं. कारण तीच करामत तुमच्या द्राक्षरसात, उसाच्या रसात, आल्याच्या सरबतातही होऊ शकते, तीही तुम्हाला न विचारता!

फेस येतो कुठून?

इडलीचं पीठ रात्रीतून वर येतं, जिलेबीचं पीठ आंबून फुगतं, ते आपण रोज पाहतो. द्राक्षाच्या सालीवरही डोळ्यांना न दिसणारे यीस्टचे जीव असतात. त्यांना गोड रस आणि ऊब मिळाली की ते साखर खायला लागतात. त्या साखरेचा साधारण अर्धा भाग मद्यार्क होतो आणि साधारण अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड वायू. हा वायू म्हणजेच आपला सोड्यातला गॅस. तो मोकळा सुटला तर उडून जातो. कोंडला तर पाण्यात विरघळतो, आणि झाकण उघडताच बुडबुडे होऊन वर धावतो.

सोडावॉटरचा जन्मसुद्धा असाच झाला बरं का. इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली नावाचे गृहस्थ बिअरच्या कारखान्याशेजारी राहत. आंबणाऱ्या पिंपांवर हा वायू साचतो हे त्यांनी पाहिलं, १७६७ च्या सुमारास तो पाण्यात मिसळून पाहिला, आणि १७७२ साली त्याची रीत छापून प्रसिद्ध केली. आपल्या बाजारपेठेत गोटी सोड्याची जी बाटली मिळते, तीही इंग्लंडातल्या हायरम कॉड यांची. १८७२ मधली ती युक्ती! बाटली उलटी धरून भरायची, की आतला गॅसच गोटीला तोंडाशी रबराच्या कड्यावर दाबून धरतो. ना बूच, ना तार. पण त्या बाटलीची काच हातात घेऊन पाहा, किती जाड असते ती! ती जाडी उगाच दिलेली नाही.

चमच्याचा हिशेब

मी इथे नशिराबादला घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते. विषय माझा भाषेचा, विज्ञानाचा नव्हे. पण पुढचा प्रयोग कुणालाही जमेल, आणि मुलांसमोर करण्यासारखा आहे. एका लहान बाटलीत अर्धी वाटी कोमट पाणी घ्या. त्यात एक चमचा साखर आणि पाव चमचा यीस्ट घाला. तोंडाला फुगा लावा आणि उबदार जागी ठेवा. काही वेळाने फुगा उभा राहील. पाच ग्रॅम साखर, म्हणजे एक सपाट चमचा, पूर्ण आंबली तर लिटरभराहून जास्त गॅस देते. एक चमचा!

आता आपलं गोड पेय घ्या. एक लिटर सरबतात साधारण १२० ग्रॅम साखर असते, म्हणजे चोवीस चमचे. ती सगळी यीस्टने खाल्ली तर तीस लिटरच्या आसपास गॅस होईल. तीस लिटर वायू एका लिटरच्या बाटलीत कसा मावणार? बाटली कुठूनतरी वाट काढणारच. झाकण उडालं तर नशीब. झाकण घट्ट असलं तर काच फुटते, आणि ती साधी फुटत नाही, तुकडे दूरवर उडतात.

फ्रान्समधल्या शॅम्पेनचंच पाहा. तिथे आधी सगळी साखर संपलेली, मुळीच गोड नसलेली वाइन घेतात. मग लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर, म्हणजे पाचच चमचे, मोजून घालतात आणि बाटली बंद करतात. तेवढ्यानेसुद्धा आत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या अडीच-तीन पट. म्हणून ती बाटली जाड काचेची, आणि बुचाला तार. पाच चमच्यांना एवढा बंदोबस्त, तर चोवीस चमच्यांना आपली सॉसची रिकामी बाटली कशी पुरेल?

मग शॅम्पेन गोड कशी लागते? काम झालेलं यीस्ट बाटली उलटी करत करत तोंडाशी आणतात, बाटलीची मान गोठवतात, यीस्टचा गोठलेला गोळा दाबाने बाहेर उडवतात, आणि त्यानंतर गोड पाक घालून बूच मारतात. म्हणजे तिथेही गोडी आणि फेस निरनिराळ्या वेळीच येतात! आपल्याकडे नारायणगावला १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली, ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी गेली. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीलाही २०१३ पासून अशी वाइन निघू लागली. ते काम कारखान्याचं, दाब मोजणाऱ्या यंत्रांचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते करू जाणं म्हणजे कुकरची शिटी काढून, भोक बुजवून तो गॅसवर ठेवण्यासारखं आहे.

खान्देशातलं ऊन

मोबाईलवर हल्ली कृतींचा पाऊस पडतो. "बाटली बंद करून आठवडाभर ठेवा, छान फेस येईल." हे सांगणारी बाई कुठल्या गावची, तिथलं हवामान काय, हे कुणी पाहत नाही. थंड देशात खोलीची ऊब वीस अंशांच्या आसपास. आमच्याकडे मार्चमध्येच दुपारी अंग भाजतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. उबेने यीस्ट झपाट्याने काम करतं. तिथे आठवडा लागतो ते इथे दोन दिवसांत होऊन बसतं.

उन्हाचा दुसरा त्रास असा, की गरम पाण्यात गॅस मावत नाही. पाच अंशांच्या गार पाण्यात जेवढा मावतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच चाळीस अंशांच्या पाण्यात मावतो. उरलेला झाकणाशी येऊन दाब वाढवत राहतो. फ्रीजमध्ये शहाण्यासारखी बसलेली बाटली, वीज चार तास गेली किंवा कुणी बाहेर विसरलं, की वेगळीच होते.

नाताळाची गोड वाइन करणाऱ्या भगिनींनी तर हे मनावरच घ्यावं. थंडीत बुडबुडे थांबले म्हणजे यीस्ट मेलं असं नव्हे. ते नुसतं निजलेलं असू शकतं. बाटलीत साखर शिल्लक आहे, झाकण घट्ट आहे, आणि होळीनंतर उन्हाळा लागला, की ते जागं होतं. डिसेंबरमध्ये गपचूप असलेली बाटली एप्रिलमध्ये फुटते ती अशी.

मग करायचं काय?

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात. झोके, गाणी, पुरणपोळी, आमरस, आणि वर हे ऊन! पंधरा-वीस माणसांना दुपारी काहीतरी गार, फसफसतं द्यायचं तर विकतच्या बाटल्यांचा खर्च अंगावर येतो. त्यासाठी हा द्राक्षाचा पाक मार्चअखेरीस, द्राक्षं उतरत्या भावाने मिळतात तेव्हा, करून ठेवावा.

साहित्य : काळी द्राक्षं एक किलो, साखर अर्धा किलो, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड एक सपाट चमचा, चिमूटभर मीठ, पाणी अर्धी वाटी.

कृती : द्राक्षं मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोन पाण्यांनी धुवा. पाणी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. सालं सुटली की रवीने नव्हे, पळीने दाबा, म्हणजे बिया फुटून कडवटपणा उतरणार नाही. पातळ फडक्यातून गाळा. साधारण सहाशे मिलिलिटर रस निघेल. त्यात साखर आणि मीठ घालून पुन्हा एक उकळी आणा आणि दोन मिनिटं उकळू द्या. ही उकळी चुकवू नका. सालीवरचं यीस्ट याच उकळीत मरतं. खाली उतरवून लिंबूफूल घाला. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बाटलीत भरा, निवल्यावर झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. तीन आठवड्यांत संपवा. आखाजीपर्यंत जास्त दिवस असतील तर लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा.

यात टिकवण्याचं रसायन घातलेलं नाही, हे लक्षात असू द्या. काढताना चमचा कोरडा असावा. पाकावर बुडबुडे दिसले, आंबूस वास आला किंवा झाकण उघडताना ‘फट्’ झालं, तर हळहळ न करता ओतून द्या.

देताना : पेल्यात तीन मोठे चमचे पाक घ्या. बर्फासारखा गार केलेला साधा सोडा दोनशे मिलिलिटर, पेला तिरका धरून कडेने हळू ओता. एकदाच चमचा फिरवा. झालं!

हिशेब करू या. एवढ्या पाकात वीस पेले होतात. त्याला चार लिटर सोडा लागतो, म्हणजे साडेसातशे मिलिलिटरच्या सहा बाटल्या. बाटली वीसएक रुपयांना धरली तर १२० रुपये. द्राक्षं शंभर रुपये आणि साखर तेवीस-पंचवीस रुपये धरा. लिंबूफूल आणि गॅस मिळवून एकूण अडीचशे रुपये. म्हणजे पेला साडेबारा रुपयांना पडला. भाव तुमच्या गावचे घालून पाहा, उत्तर फार बदलणार नाही. गावात विश्वासाचा सोडा कारखाना असेल तर खर्च आणखी उतरेल. फक्त तिथलं पाणी शुद्ध आहे ना, एवढं पाहून घ्या. गॅस मारल्याने पाणी शुद्ध होत नाही.

फेस टिकवण्याच्या युक्त्या

पाक घट्ट ठेवण्याचं कारण हेच, की तो थोडा लागतो आणि सोडा जास्त राहतो. पातळ सरबतात सोडा घातला की सोडाच पातळ होतो, आणि मग "बुडबुडे येत नाहीत" म्हणून तक्रार. ज्यांच्याकडे नाताळची वाइन असते त्यांनीही बाटलीत काही घालण्याच्या भानगडीत न पडता गार वाइनवर पेल्यातच गार सोडा घ्यावा. गोडी कमी वाटली तर वरचाच पाक चमचाभर घालावा.

पाक आणि सोडा दोन्ही आधी चांगले गार करा. कोमट सोड्यात वरून बर्फ घातला तर बर्फाच्या खरखरीत अंगावर बुडबुडे जमतात आणि गॅस भराभर उडतो.

पाक नीट गाळा. गराचा कण, बारीक धूळ, पेल्याला चिकटलेला टॉवेलचा तंतू, या प्रत्येकावर बुडबुडा धरतो. म्हणून कैरीचं पन्हं सोड्यात घ्यायचं तर ते फडक्यातून गाळून घ्या. आमच्याकडे केळी मुबलक, पण केळ्याच्या गराचं हे पेय करू नका. गर दाट, फेस एकदम उसळतो आणि क्षणात बसतो.

मसाला सोडा आवडत असेल तर काळं मीठ आणि जिरेपूड सोड्यावर भुरभुरू नका, पेला उतू जाईल. मीठ आधीच पाकात विरघळवा. जिरं पाकात उकळून गाळून घ्या.

खाण्याचा सोडा, यंत्र आणि छोट्या नळ्या

"खाण्याचा सोडा आणि लिंबू घातलं तर?" असंही कुणी विचारतं. बुडबुडे येतात, पण उघड्या पेल्यात त्यांतले पुष्कळसे उडून जातात आणि मागे खारट-साबणी चव उरते. शिवाय पाव चमचा खाण्याच्या सोड्यात सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. सासूबाईंना किंवा सासऱ्यांना रक्तदाब असेल तर हे रोजचं नको. एखाद्या वेळी एका पेल्यापुरतं ठीक. पण सोडा आणि लिंबू बाटलीत घालून वर झाकण मात्र कधीही लावू नका. लग्नकार्यात धुरासाठी आणतात तो कोरडा बर्फही बंद बाटलीत कधीच नको. दोन्हींचा बार होतो.

सोडा करण्याचं घरगुती यंत्र काही हजारांना मिळतं, आणि गॅसची नळकांडी पुन्हा भरून घ्यावी लागते. रोज दोन-तीन लिटर सोडा लागणाऱ्या घराला ते परवडेल. वर्षातून चार सणांसाठी घेऊ नये. आठ ग्रॅम गॅसच्या छोट्या नळीवर चालणारा सायफनही मिळतो. एका नळीत एक लिटर सोडा होतो. नळी घेताना ती सोड्याचीच आहे ना ते पाहा. केकचं क्रीम फुलवण्याची नळी दिसायला तशीच असते, पण तिच्यातला वायू निराळा. आणि यंत्रात फक्त साधं गार पाणी भरा. सरबत किंवा वाइन भरली तर गोड फेस वर उसळतो, आतली वाट चिकटते, आणि यंत्राचे पैसे वाया जातात.

बाटली आधीच भरून ठेवली असेल तर

कुणाच्या फडताळात गोड रसाची किंवा वाइनची बंद बाटली असेल तर आजच पाहा. बूच वर आलंय, झाकण फुगलंय, तळातून बुडबुड्यांची माळ वर येतेय, तर ती हलवू नका आणि तोंडाजवळ नेऊ नका. मुलांना बाहेर पाठवा. डोळ्यांवर चष्मा चढवा, हातांत जाड मोजे घाला, बाटलीवर ओली जाड गोधडी किंवा गोणपाट टाका. शक्य असेल तर गुंडाळलेली बाटली तशीच अलगद बर्फाच्या पाण्यात उभी करा आणि दोन-तीन तास थांबा. गारव्याने दाब उतरतो. मग गोधडीच्या आतूनच, तोंड भिंतीकडे करून, झाकण थोडं थोडं सैल करा. ‘फुस्स’ आवाज थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. आतलं पेय गेलं तर जाऊ द्या. शंभर रुपयांची द्राक्षं पुन्हा आणता येतात.

आणि हो, रिकाम्या बाटल्या साठवायची आपल्याला सवय असते. ती चांगलीच आहे. पण सॉसच्या, मधाच्या, लोणच्याच्या बाटल्या पाकासाठी वापरा, गॅससाठी नको. आणलेला सोडा त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्या, तोही शेगडीपासून आणि उन्हापासून दूर.

यंदा आखाजीला लेकी येतील, तेव्हा एका बाजूला पाकाची बाटली आणि दुसऱ्या बाजूला गार सोडा ठेवा, आणि ओतण्याचं काम घरातल्या मुलांना द्या. फेस वर आलेला पाहण्याची खरी हौस त्यांचीच असते. तुमच्याकडे जांभळाचा, आल्याचा, चिंचेचा असा पाक करत असतील तर प्रमाणासह जरूर कळवा.